पाला, फुंकर आणि पुडी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या टेकत आलेली माणसं काठीविना परतत होती आणि फुंकरबाबा ओट्यावरून गरजत होता, "पाला मुका असतो रे! माझ्या फुंकरीनं तो बोलायला लागतो!" पाल्याचं माहीत नाही, बाबा मात्र क्षणभर गप्प बसत नव्हता.

माझ्या मावशीच्या गुडघ्यांची सूजही त्यानं फुंकर मारून दिलेल्या पाल्याच्या पुडीनं उतरली. पण चेहरा फुगला, साखर भडकली, टाचेची जखम भरेना. पाय वाचतो की नाही, याची डॉक्टरांना धास्ती. मावशी मात्र मलाच सुनावायची, "तुझ्या उंदरांना काय कळतंय?" सुजेवर कोणता झाडपाला चालतो, ते मी प्रयोगशाळेत उंदरांवर तपासते. झाडांशी माझं वैर नाही.

शेवटी मी भर गर्दीत वाडगा पुढे केला. "बाबा, तुम्ही वापरता त्याच झाडाचा पाला मी वाळवून कुटलाय. फुंका. उंदरांवर तपासते."

"उंदीर काय, हत्ती बरा होईल!" बाबानं गाल फुगवले. एवढ्या लोकांपुढे नाही म्हणणार कसा?

उंदरांच्या पंजांना सूज आणून आम्ही गट पाडले: नुसतं पाणी, साधा पाला, फुंकरलेला पाला आणि मावशीची पुडी. कुणाला काय दिलंय, हे सूज मोजणाऱ्याला सांगितलं नव्हतं. पाल्यानं सूज थोडी उतरली, फुंकरलेल्या पाल्यानं तेवढीच. पुडीनं जवळजवळ नाहीशी झाली. मग पुडी यंत्रावर तपासली. आत निघालं स्टेरॉइड! सूज झटक्यात उतरवणारं, पण डॉक्टरांच्या देखरेखीविना घेतलं तर साखर भडकवून, जखमा भरू न देता शरीर पोखरणारं. पाल्यात त्याचा मागमूसही नव्हता. म्हणजे बाबा औषधांच्या दुकानातल्या गोळ्या कुटून पुडीत मिसळत होता.

हे मी अंगणात सांगितलं तेव्हा बाबा भडकला. "नास्तिकांसमोर विद्या लपते!"

मावशी लंगडत ओट्यापाशी गेली. "मी तर भक्त आहे ना? मग पुडी ठेव बाजूला. हा साधा पाला फुंक आणि मला इथंच बरी कर."

बाबानं आत जाऊन कडी लावली. मावशीनं दार बडवलं. "माझा पाय जायची वेळ आलीय, मेल्या! बाहेर ये!"

तो आला नाही. स्टेरॉइड एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून डॉक्टर मावशीचं हळूहळू सोडवताहेत. जखम आता कुठे भरू लागलीय.

पाला तपासा, पुडी तपासा, हवं तर माझी प्रयोगशाळाही तपासा. गुण आला म्हणून हात जोडून गप्प बसू नका. गुण कशानं आला, ते विचारा.