माझे कुरळे केस आणि आजोबांचे तेल

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजरी आहे. हायडेलबर्गमधल्या एका घराच्या खिडकीत, हीटरच्या वरच्या फळीवर मी दिवसभर पडून असते. येणारा प्रत्येक पाहुणा मला पाहून विचारतो, "हिला काय झालंय?" मला काहीही झालेले नाही. माझे केस कुरळे आहेत आणि मिशासुद्धा कुरळ्या आहेत. आमचे घराणेच तसे आहे.

दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. बर्लिनमधल्या एका रुग्णालयाच्या बागेत एक काळी कुरळी मांजरी राहत असे. तिला सगळे कोकरू म्हणत. तिथल्या एका डॉक्टरबाईंनी तिला रोगट न ठरवता नीट निरखून पाहिले. तिची पहिली पिल्ले मात्र सरळ केसांची झाली. कुरळेपणाची रीतच निराळी. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच आला, तर आत गप्प बसून राहतो. पुढे तिच्याच मुलापासून तिला पिल्ले झाली, तेव्हा त्यांतली काही कुरळी निघाली. तिथून आमची जात सुरू झाली. कौतुक झाले, काही जणी परदेशी गेल्या. मग लोकांना नव्या जातींची हौस लागली आणि आम्ही मागे पडलो. आता आम्ही फारच थोड्या उरलो आहोत.

माझा जन्म फ्राऊ लिंडनर यांच्या स्वयंपाकघरात झाला. आमची जात टिकावी म्हणून त्या बाईंनी उभी हयात घालवली. त्यांनी मला पुण्याहून आलेल्या नीता आणि मयुरेश यांच्याकडे दिले, ते एकाच अटीवर. मला एकदा तरी पिल्ले होऊ द्यायची. कुरळे बोके उरले होते ते सगळे माझ्या जवळच्या नात्यातले, म्हणून बाईंनीच एक धट्टाकट्टा सरळ केसांचा बोका निवडला.

मला दिवस गेले आणि त्याच सुमारास मयुरेशचे वडील, श्रीपादआजोबा, पुण्याहून राहायला आले. आजी नुकत्याच गेल्या होत्या. मुलगा-सून ऑफिसात, नात उर्जा शाळेत. आजोबा मराठीत बोलत आणि उर्जा जर्मनमध्ये उत्तर देई. तिला सगळे समजत असे, पण तोंडातून मराठी शब्द निघत नसे. मग आजोबा माझ्याशी बोलत. "ये गं कुरळे," म्हणून मांडीवर घेत आणि आजींच्या आठवणी सांगत. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

त्यांना माझे पातळ, गुंडाळलेले केस पाहवत नसत. "पोटुशी आहेस आणि अंगावर ही खाज," असे म्हणून एका दुपारी त्यांनी खोबरेल तेल कोमट केले, त्यात देवघरातल्या डबीतला कापूर विरघळवला आणि मला नखशिखांत चोळले. त्यांच्या घरी पोराबाळांना खाज सुटली की हेच लावत. हात किती मायेचा होता म्हणून सांगू! मी डोळे मिटून पडून राहिले आणि मग सवयीप्रमाणे अंग चाटू लागले.

उर्जा शाळेतून आली, तेव्हा मी थरथरत होते. तोंडातून लाळ गळत होती. आजोबा मला टॉवेलात गुंडाळून उर्जाच्या मागोमाग कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारले.

"काय म्हणतात गं?" आजोबांनी विचारले.

उर्जाने त्यांच्याकडे पाहिले. तिने सवयीने जर्मनमध्येच बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. आजोबांना तो प्रश्न कळायलाच हवा होता.

"आजोबा," ती अडखळत म्हणाली, "हिला... काय लावलं तुम्ही?"

"तेल लावलं बाळा. कापूर घालून." आजोबा म्हणाले. "आरतीचा कापूर."

आरतीचा कापूर उर्जाला ठाऊक होता. तिने तो डॉक्टरीणबाईंना सांगितला, तशा त्या तडक उठल्या. कापूर आम्हा मांजरांना विषासारखा असतो. त्यांनी मला साबणाने धुतले, सुई टोचली, सलाईन लावले. आजोबा बाकावर तेलकट हात पुढे धरून बसले होते. उर्जा त्यांना टेकून म्हणाली, "रडू नका आजोबा. ती वाचेल."

मी वाचले. पण माझ्या तीन पिल्लांतले एकच जिवंत जन्मले आणि ते सरळ केसांचे होते. फ्राऊ लिंडनर पाहायला आल्या, तेव्हा आजोबांनी मान खाली घालून हात जोडले. "त्यांना सांग गं, माझ्यामुळे त्यांचं घराणं बुडालं," ते म्हणाले. उर्जाने सांगितले. बाईंनी पिल्लू उचलून आजोबांच्या ओंजळीत ठेवले आणि त्या काही बोलल्या.

उर्जाने ते सावकाश मराठीत आणले. "त्या म्हणतात, हिच्या आईचा कुरळेपणा हिच्या आत आहे. दिसत नाही, पण आहे. हिला सांभाळा."

मित्रांनो, आमची जात चोळून बरी करायची नसते. जो आपल्यापेक्षा वेगळा दिसतो, त्याला औषध लावण्याआधी एवढेच विचारा, की तो खरेच आजारी आहे का. आता माझी नजर अधू झाली आहे. पण आजोबा आणि उर्जा माझ्या लेकीला मांडीवर घेऊन गप्पा मारत बसतात, तेव्हा कान देऊन ऐकते. दोघेही मराठीत बोलत असतात.