बिट्टीचं कुंपण

मोजणीदारांनी पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं आणि मागच्या तुकड्यात बाग करायचं ठरवलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा नोकरीपायी लांब. वेळ खायला उठायचा. आठवडाभर बसून त्यांनी बागेचा नकाशा काढला, अगदी हद्दीच्या खुणांसकट, आणि तो घेऊन रोपवाटिकेत गेले.

रोपवाटिकेच्या बाईंनी मातीचे हात साडीला पुसले, नकाशा पाहिला आणि हसू दाबलं.

"फणस भिंतीला खेटून? दहा वर्षांनी भिंत शोधावी लागेल, भाऊ. आणि हे काय, सफरचंद?"

"मला आवडतं."

"आवडतं तर विकत घेऊन खा. आपल्या उन्हात सफरचंद लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पेरू लावा, चिकू लावा. न्हाणीचं पाणी जातं तिथं केळ. लिंबाला कोपरा द्या, पण वाटेवरचा नको, काटे लागतात."

मोजणीदारांनी मुकाट्याने खोडरबर काढलं. राहिलं मागच्या रस्त्याकडचं कुंपण. त्यांना पाणी न मागणारं, शेळ्या खाणार नाहीत असं आणि दिसायला देखणं काहीतरी हवं होतं.

"तशी बिट्टी आहे," बाई जरा थांबून म्हणाल्या. "पिवळी फुलं बारा महिने. पण शेळ्या तोंड लावत नाहीत त्याला कारण आहे. पानापासून बीपर्यंत सगळं विषारी. घरात लहान मूल?"

"मी आणि चार भिंती."

"मग न्या. उद्या नातवंडं आली तर मात्र काढून टाका. नुसती छाटू नका, मुळासकट काढा."

दोन वर्षांत कुंपण डोक्याच्या वर गेलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. फिरायला निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तर फोटो काढून नेला. मोजणीदारांच्या आयुष्यात त्यांच्या कामाचा फोटो कुणी काढला नव्हता.

मग मुलाला दोन वर्षांसाठी जहाजावर जावं लागलं, आणि सून साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. पोरगी सकाळी डोळे उघडल्यापासून बोलत असायची, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. घर भरलं. मोजणीदार दाढी रोज करायला लागले.

बाईंचं बोलणं त्यांना पहिल्याच संध्याकाळी आठवलं. रविवारी काढू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. रविवारी कुंपण नुसतं पिवळंधमक झालं होतं. एवढा बहर सरू दे, मग बघू. टिटवीला त्यांनी बजावलं, "त्या झाडांना हात लावायचा नाही हं."

"का?"

"चावतात."

टिटवी खदखदून हसली. "झाडांना दात असतात का, आजोबा?"

सुनेला त्यांनी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी कोयता मागितला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आज-उद्या करता करता चार महिने गेले.

त्या दुपारी सून बाजारात गेली होती. मोजणीदार पडवीत पेपर वाचत होते आणि मागच्या बाजूला टिटवीची भातुकली चालली होती. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की बडबड ऐकू येत नाहीये. ते उठून मागे गेले. टिटवी धुण्याच्या दगडापाशी ओणवी होऊन ओकत होती. दगडावर हिरवी फळं ठेचलेली, एक बी फोडलेली, आतला पांढरा गर अर्धा गायब.

 एक फळ खिशात टाकून, पोरीला उचलून, ते तसेच अनवाणी रस्त्यावर धावले आणि समोर आली ती रिक्षा थांबवली.

"काय खाल्लं?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्यांनी खिशातलं फळ पुढे केलं. "बिट्टी."

"बरं झालं घेऊन आलात. हे थेट हृदयावर जातं."

तीन दिवस टिटवी तारांमध्ये पडून होती. उशाच्या यंत्रावर हिरवी रेघ उमटायची, ती मध्येच लांबायची आणि मोजणीदारांचा स्वतःचा श्वास तिथे अडकायचा. टिटवी बोलत नव्हती. सून तिचा तळवा चोळत बसलेली. दुसऱ्या दिवशी सुनेने मान वर केली.

"बाबा, तुम्ही ओळखलंत म्हणून. मी असते तर मला कळलंही नसतं काय खाल्लंय ते."

मोजणीदारांना वाटलं, तिने एक थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. ते बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरून उभे राहिले.

चौथ्या दिवशी पोरगी घरी आली. अशक्त, पण बोलणारी. त्याच दिवशी मोजणीदारांनी कुंपण मुळासकट काढलं, हाताला फोड येईपर्यंत. मग मुलाचा फोन आला. आवाज तुटत होता, पण राग पुरता पोचला.

"नातवंडं असलेल्या माणसाला असलं झाड विकतात? त्या बाईला सोडायचं नाही!"

"पोर वाचली ना," मोजणीदार पुटपुटले. "जाऊ दे."

"जाऊ दे कसं, बाबा?" सून म्हणाली. "उद्या दुसऱ्या कुणाचं मूल जाईल. आत्ताच्या आत्ता चला."

टिटवीला शेजारच्या काकूंकडे ठेवून दोघं निघाले. रिक्षात सांगता आलं असतं. मोजणीदारांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा रस्त्याकडे पाहिलं. आपण मूग गिळून बसलो तर कुणाला कळणार आहे, असाही विचार मनात आला आणि त्याची त्यांना शिसारी आली.

रोपवाटिकेत बाई कलमांना पाणी घालत होत्या. सुनेने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. जे झालं ते एका दमात सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "विकताना एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

बाईंच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. त्या मोजणीदारांकडे बघत होत्या, पण ओळख काही पटत नव्हती. रोज शंभर माणसं येत असतील.

"मी विचारते हो सगळ्यांना," त्या अडखळत म्हणाल्या. "घरात मूल आहे का म्हणून. नेहमी विचारते. त्या दिवशी... गर्दी असेल. विसरले असेन." त्यांचे डोळे भरून आले. "पोरगी बरी आहे ना? देवा, काय करून बसले मी."

"तुम्ही विचारलं होतं," मोजणीदार म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे वळल्या.

"यांनी विचारलं होतं. नातवंडं आली तर मुळासकट काढा, असंही सांगितलं होतं. मी विसरलो नव्हतो. तू टिटवीला घेऊन आलीस त्याच दिवशी आठवलं होतं मला." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "फुलं चांगली दिसत होती म्हणून ठेवलं."

 सुनेने पदराने तोंड पुसलं, घाम नव्हता तरी. मग ती बाईंकडे वळून म्हणाली, "मला माफ करा. तुम्हाला नको ते बोलले."

"अहो, त्याचं काय..."

"तिथं आता काय लावता येईल?"

बाईंनी एकेक रोप दाखवलं. सून प्रत्येकाचं पान, चीक, बी सगळं विचारत गेली. सीताफळाची बी वाईट, म्हणून ते नाही. अंजिराचा चीक अंगावर उठतो, तेही नाही. शेवटी दोन पेरू आणि एक केळीचा कंद ठरला. बाईंनी एक जास्वंदही देऊ केली, बिनविषारी म्हणून. सून म्हणाली, "सध्या फुलं नकोत."

मोजणीदारांनी रोपं उचलायला हात पुढे केले. तिने ती स्वतःच घेतली.

घरी आल्यावर खड्डे तिनेच खणले. त्यांनी कुदळ आणून दिली, तेवढं तिने चालवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाजारात जाताना टिटवीला बरोबर नेऊ लागली. पोरगी दारातून ओरडायची, "आजोबा, तुम्ही पण चला!" आणि मोजणीदार सुनेच्या चेहऱ्याकडे बघायचे.

असा महिना गेला. एका सकाळी सून पिशवी घेऊन दारात थांबली आणि त्यांच्याकडे न बघताच बोलली.

"यांना मी फोनवर काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. आणि ही मोठी होऊन विचारेल तेव्हाही तुम्हीच."

"सांगेन," मोजणीदार म्हणाले.

तिने मान हलवली. मग टिटवीचा हात धरून ती फाटकाबाहेर पडली.

मोजणीदार आत गेले, मुलाचा नंबर काढला आणि फोन कानाला लावला.