बिनपाणी

अमरावतीतल्या ज्या छोट्या कंपनीत प्रणाली कामाला होती, तिथे विहिरीवरच्या मोटारींच्या स्टार्टरचा प्रोग्राम तयार होई. बिल्ड फाइलीतल्या, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलीतल्या, एकेचाळीस मॅक्रोंची माहिती लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. मॅक्रो एखादं चिन्ह जाहीर करी. ते चिन्ह असलं की कोडचा एखादा तुकडा प्रोग्राममध्ये येई किंवा गळे. चाळीस लिहून झाले. शेवटच्या मॅक्रोचं चिन्ह होतं ‘बिनपाणी’.

कोड उघडून तिने दोनदा वाचला. विहीर आटली की मोटार आपोआप बंद करणारा भागच हे चिन्ह गाळत होतं. तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांकडे एकाच प्रोग्रामचे साठ स्टार्टर जाऊन दोन महिने झाले होते. हे चिन्ह त्यांत गेलं असेल, तर कोरड्या चालून साठही मोटारी जळणार.

हा कोड लिहिणारे सहदेव नोकरी सोडून पातूरला शेती करत होते. तिने फोन लावला.

“सहदेवदादा, बिनपाणी काय आहे?”

“अवं, ते टेबलावर तपासाले केलतं. हापिसात पाणी कुठून आणू? मोटार सारखी बंद पडे.”

“मग ते स्टार्टरमध्ये गेलं असेल तर?”

“नाही जात. माल पाठवाच्या फाइलीत सगळ्यात खाली पाह्य, तिथं पुसलं हाये ते.”

तिने पाहिलं. चिन्ह पुसणारी ओळ होती. पण स्टार्टर गेले तेव्हाही होती का? मन मानेना. स्टार्टर घेतलेल्यांच्या यादीतल्या पहिल्याच शेतकऱ्याला, पुंजाजींना, तिने फोन केला.

“काका, विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटार बंद होते का?”

“होते म्हन्जे? परवाच झाली! मले वाटलं बिघडली. लय शिव्या देल्या तुमच्या कंपनीले.”

प्रणालीला इतकं हसू फुटलं की डोळे भरून आले. “काका, बिघडली नाही, वाचली! पाणी संपलं म्हणून स्टार्टरनेच बंद केली.”

“असं हाये का? मंग आधी काहून नाही सांगतलं? डब्यावर लिवाव न!”

खुर्चीत मागे रेलून तिने मोठा श्वास सोडला. मग एकेचाळिसाव्या मॅक्रोपुढे लिहिलं : ‘फक्त टेबलावरच्या चाचणीसाठी. ग्राहकाच्या बिल्डमध्ये कधीही नको. कारण खाली दिलं आहे.’ आणि खाली चांगल्या सहा ओळी खरडल्या.

त्यानंतर तिने एक कोरा कागद घेतला आणि स्टार्टरच्या झाकणावर चिकटवायची चिठ्ठी साध्या मराठीत लिहायला बसली.