ऐकायचं अत्तर

नाकताईंनी कागदाची नवी पट्टी मोठ्या बरणीत बुडवली, हवेत हलवली, डोळे मिटून नाकाखाली धरली आणि तीही टोपलीत टाकून दिली. टोपलीत सकाळपासूनच्या पट्ट्यांचा ढीग साचला होता.

"तेलवाल्याने फसवलं," त्या म्हणाल्या.

धाकटा भाऊ दाराला टेकून उभा होता. पुढचं दुकान तो बघायचा. मागच्या या मिश्रणाच्या खोलीत मात्र अजूनही चपला काढून यायचा.

"ताई, तेल त्याच डब्यातलं आहे. सील तूच फोडलंस."

"मग स्पिरिटने फसवलं."

"तेही तेच."

"मग तू शेजारी उभा राहून साबणाचा वास सोडतोयस, त्याने."

भाऊ एक पाऊल मागे सरकला. बहिणीपुढे युक्तिवाद चालत नाही, हे तो बोलायला शिकला तेव्हापासून शिकला होता.

नाकताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, बाजाराने ठेवलेलं. कुठल्या शाळेत त्या हे शिकल्या नव्हत्या. चुकत, नासवत, लोकांनी नाकं मुरडलेली बघत त्यांनी आपलं नाक घडवलं होतं, आणि आता त्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की दूध नासलंय असं त्यांनी म्हटलं तर दूधच जरा विचारात पडावं.

नवं अत्तर त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. तळाशी अगरू, त्यावर देवदार, थोडा कापूर, आणि कडेकडेने मसाला. मोठ्या दुकानांच्या मालकीणबाई आल्या, नमुना मनगटावर लावून घेतला आणि चहा गार होईपर्यंत काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "हे दारातून ओरडत येत नाही. माणूस जवळ आलं की कळतं." आपल्या सगळ्या दुकानांसाठी त्यांनी ते मागितलं आणि उरलेला नमुना पर्समध्ये टाकून घेऊन गेल्या.

मोठा घाणा करायच्या वेळी भावजय माहेरी गेलेली; तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. नाकताईंनी एकटीने सगळं मोजून घातलं. प्रमाण तेच, बरणी मोठी. आणि तयार झालं ते कपाट. चांगलं, महागातलं, सुताराने मन लावून केलेलं, पण कपाट.

मालकीणबाई आज चारला येणार होत्या, पर्समधली बाटली घेऊन. ताडून बघितल्याशिवाय त्या घेणार नव्हत्या. मागणी तर जाईलच, पण नाकताईंचं नाक गेलं ही बातमीही फुटेल, आणि बाजारात अशी बातमी अत्तरापेक्षा लवकर दरवळते.

"मुदत मागून घेऊ का?" भावाने विचारलं.

"मुदत मागायला तोंड लागतं, ते तुझ्याकडे आहे. पण माझं नाक अजून चालू आहे. तू पुढे जा."

तो जायला वळला तेवढ्यात भावजय आत आली. प्रवासाची बॅग बाहेरच ठेवून, हात धुऊन, केस बांधून आली होती.

"आले, वन्सं."

"आईचा गुडघा कसा आहे?"

"गुडघा सरळ झालाय. आई अजून व्हायचीय."

नाकताईंना सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "बस," त्या म्हणाल्या. "छोट्या बाटलीत पहिल्यापासून करून बघू. मी सांगते, तू घाल."

ही त्यांची जुनी पद्धत. नाकताई स्टुलावर डोळे मिटून बसायच्या, भावजय काट्यापाशी. पदार्थाचं नाव आणि थेंबांचा आकडा, एवढंच बोलायचं. अत्तर मुरेपर्यंत नाकताई कागदावर काही उतरवत नसत. त्या म्हणत, अर्धवट शिजलेल्याची पाककृती कोण लिहितं?

नाव आणि आकड्याखेरीज आणखी एकच शब्द त्या खोलीत चालायचा. तो एका म्हाताऱ्या जपानी लाकूडव्यापाऱ्याकडून आला होता. त्याने नाकताईंच्या याच टेबलावर राखेने भरलेला एक पेला ठेवला होता. राखेत निखारा पुरला, वर अभ्रकाची चकती आणि तिच्यावर नखाएवढं अगरूचं लाकूड. पेला डाव्या तळहातावर घेऊन, उजव्या हाताने झाकून त्याने त्यांच्यापुढे धरला. नाकताईंनी सवयीने जोरात हुंगलं, तर त्याने मान हलवली. आमच्याकडे धुपाचा वास घेत नाहीत, तो म्हणाला, तो ऐकतात.

नाकताईंना हे भलतंच पटलं. घरात आपलं कुणी ऐकत नाही, निदान आपण कुणाचं तरी ऐकावं. तेव्हापासून पट्टी पुढे करताना त्या भावजयीला 'वास घे' म्हणत नसत.

"अगरू, बारा," नाकताईंनी सुरुवात केली. "देवदार, आठ. कापूर, एक. दालचिनी, एक."

थेंब पडत गेले. भावजयीचा हात न थरथरणारा.

"लवंग, दोन."

भावजयीने बाटली हलवली, पट्टी बुडवून नणंदेच्या हातात दिली. नाकताईंनी हुंगलं. कपाटच. लवंग होती, पण कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. त्यांनी डोळे न उघडताच पट्टी भावजयीकडे धरली.

"लवंग... ऐक."

पट्टी कुणी घेतली नाही. थेंब पडल्याचा बारीकसा आवाज मात्र आला.

नाकताईंनी डोळे उघडले. भावजयीच्या हातात लवंगेचा ड्रॉपर होता.

"काय केलंस?"

"लवंग, एक."

"मी ऐक म्हटलं."

"मला एक ऐकू आलं."

अजून दारातच रेंगाळलेला भाऊ आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला.

"नमुना केला तेव्हाही?" नाकताईंनी विचारलं.

"तेव्हाही, वन्सं."

नाकताईंनी नवी पट्टी बुडवली. इतका वेळ पाठ करून उभं असलेलं लाकूड वळलं होतं. त्याच्यात ऊब होती, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीत असते तशी. त्यांनी पट्टी टोपलीत टाकली नाही.

"म्हणजे मात्रा चुकली," भाऊ म्हणाला, "आणि मात्रा लागू पडली." स्वतःच्या विनोदावर खूश होत तो दार ओढून दुकानात निघून गेला.

दोघी मोठ्या बरणीला लागल्या. किती लवंग वाढवायची त्याचा हिशेब नाकताईंनी केला. भावजय ओतू लागली. बाहेरच्या रस्त्यावरून एखादी गाडी जायची तेवढाच आवाज.

"चारला नाही, साडेतीनला येतायत त्या," भावजय मान वर न करता म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"फोन आलाय त्यांचा. हे आत्ता त्यांना 'या, या' म्हणतायत."

नाकताईंनी बंद दाराकडे पाहिलं. त्यापलीकडे बोळ, बोळापलीकडे दुकान. त्यांनी कान दिला. काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी भावजयीकडे पाहिलं. ती बरणी ढवळत होती, एकाच दिशेने, सावकाश.

नमुन्याच्या दिवशी तो थेंब पडल्यावर आपणच पट्टी नाचवत म्हणालो होतो, बघ, आता कसं लाकूड बोलायला लागलं. आणि हिने गंभीर चेहऱ्याने मान डोलावली होती.

नाकताईंनी ओठ मुडपले. रागवावं म्हणून तोंडही उघडलं. पण तेवढ्यात बरणीतला वास वर आला आणि त्यांनी तोंड मिटून तो नाकाने घेतला.

मालकीणबाई साडेतीनला आल्या. दोन पट्ट्या, एक त्यांच्या बाटलीतली, एक बरणीतली. त्यांनी उलटसुलट करून हुंगल्या आणि शेवटी कुठली कुठली तेच त्यांच्या लक्षात राहिलं नाही. "गाडी उद्या पाठवते," त्या म्हणाल्या. भाऊ त्यांना सोडायला थेट रस्त्यापर्यंत गेला.

मागच्या खोलीत भावजय ड्रॉपर धुऊन पालथे घालत होती. नाकताईंनी फळीवरच्या मागच्या रांगेतून एक छोटी बाटली काढली. पुढचं अत्तर, कित्येक आठवडे ते जमत नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यांनी पट्टी बुडवून भावजयीसमोर धरली.

"दालचिनी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "किती ऐकू येतेय तुला?"

भावजयीचे हात ओले होते. तिने ते पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. नणंदेच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पट्टी घेतली.

स्टूल रिकामं होतं. ती त्याच्यावर बसली आणि तिने डोळे मिटले.

नाकताई काट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, हातात ड्रॉपर घेऊन.