चकव्याचं मागचं पान

मनकर्णाचं भुतांशी काही वाकडं नव्हतं. तिचा राग होता तो भुतांच्या मागं लागणाऱ्या पोरांवर. ‘चकवा माला’ नावाची पुस्तकं तेव्हा एकामागून एक निघत, आणि प्रत्येक भागात सुहास, नंदा आणि जगू ही कॉलेजातली तीन पोरं कुठल्या तरी ओसाड आडाशी नाहीतर मसणवटीत जाऊन उभी राहत. तेही अंधार पडल्यावर. दिवसाउजेडी जायला यांना काय झालं होतं, हे आठ भाग वाचूनही तिला उमगलं नव्हतं. त्यात ती नंदा. ही बया भागात दोनदा तरी बेशुद्ध पडणारच. चार दिवस कांदे निवडायला बसवली असती तर ताळ्यावर आली असती, असं मनकर्णाचं स्पष्ट मत होतं. आणि या पुस्तकांत कुणी जेवत नाही. तीन-तीन दिवस भुतामागं पळतात, पण भाकरीचा तुकडा कुणाच्या तोंडात जात नाही.

एवढी नावं ठेवायची तर वाचायची कशाला? तर आवडत होती म्हणून. दुपारी जनावरांना पाणी दाखवून झालं की ती ओसरीच्या खांबाला टेकून पुस्तक उघडायची, आणि दहा-वीस पानांत अंगावर काटा उभा राहायचा. एकीकडे भ्यायचं आणि दुसरीकडे नावं ठेवायची, यात जे सुख होतं ते तिला दुसऱ्या कशात सापडलं नव्हतं. माहेरी सातवीपर्यंत शिकली होती, ते शिक्षण असं कामी आलं.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. बेलापूरच्या पेठेत एका दुकानावरच्या माडीत वाचनालय होतं. बायका तिथं जात नसत. जाऊ नका असं कुणी म्हटलेलं नव्हतं, पण तो जिना चढलेली बाईही कुणी पाहिली नव्हती. पुस्तकं घरचा पुरुष आणायचा. मनकर्णाचा नवरा गोरक्षनाथ मळ्यातून सायकलीवर पेठेत गेला की येताना पिशवीत एक पुस्तक घालून आणी. पण वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी कव्हरं, आणि गोरक्षनाथाचं वाचन म्हणजे एकेक अक्षर जुळवत जाणं. त्यामुळं वाचलेलंच पुस्तक दोनदा घरी यायचं.

यावर बेलापूरच्या वाचकांनी एक तोड काढली होती. वाचून झालं की मागच्या पानावर आपली खूण करायची. कुणी फुली मारी, कुणी चांदणी काढी. मनकर्णाही पेन्सिलीनं एक टिकली काढू लागली, आणि नवऱ्याला तिनं सांगून ठेवलं की टिकली दिसली तर आणू नका.

टिकलीनं तिचं समाधान झालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. तिसऱ्या भागाच्या वेळी टिकलीशेजारी तिनं लिहिलं, ‘भूत शहाणं आहे. पोरं येडी आहेत.’ मग हात थांबेना. ‘चौथा भाग पचपचीत. एवढी सासुरवाशीण भूत झाली, आणि सासूला साधा चिमटाही काढत नाही.’ ‘सहाव्यात घाबरले. एकटीनं वाचू नये.’ सातव्यावर तर तिनं मोठ्या दिमाखात लिहिलं, ‘टपालवाला मेलेला आहे. दुसऱ्या पानावर त्याच्या सायकलीची सावली पडत नाही, तेव्हाच मी ओळखलं.’

नवव्या भागात नंदाची थोरली बहीण आणि तिचा अबोल नवरा आला होता. ते वाचून मनकर्णानं लिहिलं, ‘यातला नवरा खरा वाटला. आमचेही असेच. दिवसभरात चार शब्द बोलत नाहीत. पण मी एकटी विहिरीवर गेले की काहीतरी काम काढून पाठोपाठ येतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.’

पेन्सिल खाली ठेवल्यावर तिची तिलाच लाज वाटली. सकाळी खोडून टाकू म्हणून झोपली, आणि धारा काढून येते तोवर गोरक्षनाथ पुस्तक घेऊन पेठेत गेलासुद्धा.

दोन दिवसांनी त्यानं जेवताना बातमी दिली. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब लई खवळले होते. पुस्तकांच्या मागं कुणीतरी शेरे लिहितंय. दहा-बारा घरांत ती सगळीच पुस्तकं फिरलेली, म्हणून वहीवरून कुणाला धरता येईना. तेव्हा रविवारी सगळ्या सभासदांना बोलावलंय. सहादेव मास्तर, म्हणजे पुस्तकं देणारे, एकेक शेरा मोठ्यानं वाचणार, मग सगळ्यांचं अक्षर ताडून बघणार. ज्याचं जुळेल त्याचं कार्ड बंद, आणि चकवा माला रद्दीत.

“समदे शेरे वाचणार?” मनकर्णानं विचारलं.

“समदे,” एवढं बोलून गोरक्षनाथ हात धुवायला उठला.

पुस्तकं जातील हे दुःख होतंच. पण पेठेतली माणसं कशी हे तिला ठाऊक होतं. नववा भाग चारचौघांत वाचला गेला आणि तो कुणाच्या घरातला हे फुटलं, तर गोरक्षनाथ दिसला की लोक विचारणार, काय नाथा, आज इहिरीवर काय काम काढलं? त्या मुक्या माणसाला पेठेत पाऊल टाकणं नकोसं होईल. शेरा लिहिला तिनं, आणि भोगायचं त्यानं. दोन दिवस तिला भाकरी गोड लागली नाही.

रविवारी गोरक्षनाथ टोपी घालून निघून गेला. मनकर्णानं चूल सारवायला घेतली, अर्धी सारवली आणि तशीच उठली. हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि चालत पेठ गाठली. जिना चढताना खालच्या दुकानातली तागडी थांबली, ते तिला पाठमोरीलाही कळलं.

वर सतरंजीवर वीस-पंचवीस पुरुष बसलेले. मास्तर सहाव्याचा शेरा वाचत होते आणि लोक उपरण्यात तोंड खुपसून हसत होते. आप्पासाहेब तेवढे हसत नव्हते. मास्तरांनी सातवा वाचला, तेव्हा तर त्यांच्या मिशा थरथरल्या. दाराशी उभ्या असलेल्या मनकर्णाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आठवा झाला. मास्तरांनी नववा भाग उचलला आणि मागचं पान उघडलं.

“मास्तर, ऱ्हाऊ द्या,” गोरक्षनाथ उठून उभा राहिला. “म्या लिवलंय समदं.”

आप्पासाहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला. “लिही मंग, टपालवाला मेलेला आहे.”

गोरक्षनाथानं पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरली. ‘ट’ काढला. ‘प’ काढला. पुढं हात हलेना. त्याच्या मानेवरून घामाची धार निघालेली मनकर्णाला दारातून दिसली, आणि मग तिच्यानं बघवेना.

“त्यांनी न्हाई,” ती म्हणाली. “मी लिवलंय.”

पंचवीस माना वळल्या. कुणीतरी घाईघाईनं पसरलेले पाय आवरून घेतले. आप्पासाहेबांनी सातवा भाग तिच्यापुढं धरला. “सूनबाई, सातवा बी तुमीच?”

“व्हय.”

“तुमाला कळतं का काय केलं तुमी?” आप्पासाहेबांचा आवाज कापत होता. “पुस्तक घरी न्यायच्या आदी मी मागून उघडून बघतो. पानं फाटलीत का म्हणून. त्या सातव्यासाठी मी दोन महिने थांबलो. माजा नंबर लागला, मागून उघडलं, आन् पैलंच काय वाचलं, तर टपालवाला मेलेला. मग दोनशे पानं मी काय वाचू?”

आप्पासाहेब आजवर पेठेतून जात ते जाडजूड चरित्रं काखेत मारून. मास्तरांनी हळूच वही उघडली, मिटली आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग मागून कुणाला तरी खुदकन हसू फुटलं आणि सगळी माडी हसू लागली. शेवटी आप्पासाहेबांच्याही मिशा हलल्या.

मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. गुन्हा लिहिण्याचा नव्हताच, भूत कोण ते आधी सांगण्याचा होता. निकाल तिथंच लागला. कार्ड राहील, चकवा राहील, सूनबाईंनी शेरे जरूर लिहावेत, पण भुताचं नाव फोडू नये. मास्तर म्हणाले की शेरा असलेलं पुस्तकच लोक आधी नेतात. नववा भाग त्यांनी न वाचताच गठ्ठ्याच्या तळाशी सारला. मान खाली घालून सारला, म्हणजे त्यांनी वाचलेला होता.

परतताना गोरक्षनाथ सायकल हातात धरून चालला. ऊन चढलं होतं, पण मनकर्णाला पायांखाली जमीन लागत नव्हती, इतकं हलकं वाटत होतं. दोघं पाटाच्या पुलापाशी आले.

“तुमी कशापायी उठला?” शेवटी तिनं विचारलं.

“नववा वाचणार हुते ते.”

ती थबकली. “तुमी वाचलाय?”

“तुजे समदे शेरे वाचतो. परत द्यायच्या आदी, जिन्यात बसून.” त्यानं सायकलीचं हँडल उगाच सरळ केलं. “येळ लागतो मला. म्हनून तर पेठेतून उशीर हुतो.”

इतक्या वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता.

“इहिरीवर इंजनाचं काम असतं,” थोड्या वेळानं तो म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. “मग पुढच्या खेपंला नववा आना. खोडून टाकते ते.”

गोरक्षनाथानं सायकल थांबवली. पाटातल्या पाण्याकडं बघत उभा राहिला.

“न्हाई,” तो म्हणाला. “तेवढं ऱ्हाऊ दे.”

आणि घर येईपर्यंत पुढं एक शब्द बोलला नाही.