साडीचं दुसरं टोक

धाकट्या जावेला, शकुंतलेला, तिच्या कॉम्प्युटर शिकून अमेरिकेत गेलेल्या पोरानं नवऱ्यासकट वाळवंटातले डोंगर दाखवून आणले, तेव्हापासून सावित्रीबाईंच्या पोटात दुखत होतं. आणि आता मलकपेठेत तिच्याच घरी बसून त्या सहलीचे फोटो बघणं नशिबी आलं होतं.

“अशा दहा मोटारी होत्या, वहिनी,” शकुंतला फोटोवर बोट ठेवत म्हणाली. “ आत पलंग, गॅस, न्हाणीघर, सगळं! पुढे गाईडची गाडी, मागे आमची रांग.”

“म्हणजे बिऱ्हाड पाठीवर,” सावित्रीबाई फणकारल्या. “आणि डोंगरांचं काय कौतुक? आपलं बंजारा हिल्स आधी असंच उघडंबोडकं होतं की!”

अल्बमची पानं उलटत गेली तसा त्यांचा जीव थंड होत गेला. जवळजवळ प्रत्येक फोटोत शकुंतला मोटारीत पोळ्याच लाटत होती. सातासमुद्रापार जाऊन शेवटी पोळपाटच ना! त्यांनी खुशीत आणखी थोडा चिवडा घेतला.

मग शेवटचा फोटो आला. तांबड्या डोंगराखाली, भर वाऱ्यात, शकुंतला धुतलेल्या साडीची घडी घालत होती. दुसरं टोक धरून तिचा नवरा हसत उभा होता.

सावित्रीबाईंनी चिवड्याची बशी खाली ठेवली.

घरी आल्या आल्या त्यांनी दोरीवरची साडी ओढली. “अहो, जरा टोक धरता का?”

भगवंतरावांनी तोंडासमोरचा पेपर हलवलासुद्धा नाही. “तीस वर्षं एकटीच घालतेस ना घडी? आज काय झालं?”

सावित्रीबाईंनी टोक खिडकीच्या गजाला बांधलं. गजानं निदान काही विचारलं नाही.