पाच हजार वॅटची पाटी

दुसऱ्या कटरची मोटर जळका वास मारायला लागली तेव्हा माझी खात्रीच पटली: मेहुणा मला गंडवतोय.

पहिली मोटर गेल्या आठवड्यात जळाली. तेव्हा म्हणाला, "भाऊजी, तुमचा कटर म्हातारा झाला." हा दुसरा तर कोरा होता. आता काय म्हणणार होता?

इमारतीला अजून वीज नव्हती. छत्तीस दारांचं सुतारकाम माझं, जनरेटर त्याचा. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून डोळे मिटून सोबत घेतला. घरातल्या माणसाला आपण तपासत नाही, आणि नेमकं हेच हेरून घरातली माणसं टोपी घालतात.

कटर अठराशे वॅटचा. सुरू होताना पहिल्या झटक्याला अडीचपट खातो, मग सरळ चालतो. जनरेटरच्या पाटीवर पाच हजार. पुरून उरायला हवं. तरी बटण दाबलं की इंजिन रडायचं, पातं रांगायचं आणि तोवर मोटर भाजून निघायची.

आधी वाटलं, यानं जनरेटरवरून चोरून कुणाला तरी वायर ओढून दिलीय. जेवणाच्या सुट्टीत वायर हातानं चाचपत दोन्ही मजले पालथे घातले.

"मिस्त्री, साप शोधताय का?" रंगारी शिडीवरून म्हणाला. "की कुठल्या स्क्रूची खाच तिरपी राहिली?"

"तू भिंत रंगव," मी म्हणालो.

वायर कुठेच गेली नव्हती. मग मी पाचशे वॅटचे हॅलोजन दिवे गोळा केले आणि एकेक लावत गेलो. पाचपर्यंत ठीक. सहावा लावला तसे सगळे पिवळे पडले, इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि बंद.

"पाटीवर पाच हजार, पोटात अडीच!" मी ओरडलो. "पाटी कधी बदललीस?"

"मी कशाला बदलू?" मेहुणा म्हणाला. "जुन्या सामानवाल्याकडून असाच घेतला, भाऊजी. पाटी वाचूनच घेतला."

"सगळे चोर हेच म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला त्याची जिरवायची होती. त्याच्यासमोरच बायकोला फोन लावला. "तुझा भाऊ चोर निघाला. यापुढे आपल्या उंबऱ्यात त्याचं पाऊल नको." तिनं फोन ठेवला.

मेहुणा वायर गुंडाळायला लागला. "दारं तुमची तुम्ही बसवा. ताईला सांगा, मी येत नाही आता."

"जा. पाटी मात्र इथं राहील. पुरावा आहे."

पाटीच्या कडांवर आणि स्क्रूंवर निळ्या रंगाचे थर चढले होते. पटाशीनं खरवडले. निळ्याखाली लाल निघाला. स्क्रू पितळी निघाले. चारही खाचा उभ्या, एका केसाचाही फरक नाही.

माझा हात थांबला.

बिजागरी असो की कडी, खाच उभी केल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या हाताखाली शिकलेलेसुद्धा हा वेडेपणा करत नाहीत. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक लाल जनरेटर होता, अडीच हजार वॅटचा. कुणी घेईना. मग एका मोठ्या, मेलेल्या जनरेटरची पाटी काढून त्याला बसवली आणि एका अनोळखी माणसाच्या गळ्यात मारला. घरी येऊन खदाखदा हसलो होतो.

मेहुणा पाठमोरा होता. चार स्क्रू काढून खिशात टाकले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला घटकाभर राहिला.

"ही पाटी मी लावलीय," मी म्हणालो.

तो वळला. मी सगळं सांगितलं. रंगाऱ्याचा ब्रश भिंतीवरच थांबला. मेहुण्यानं वायरचं भेंडोळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे आला. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायलाच हवी होती.

"ताईला फोन लावा," तो म्हणाला. "स्पीकरवर टाका. मघाशी माझ्यासमोर बोललात ना? आताही माझ्यासमोरच बोला."

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिनं उचलला.

"आता आणखी कोण चोर सापडला?"

"मी," मी म्हणालो.